प्रभाग तीन, जागा 'क'

२०२० च्या फेब्रुवारीत, डेअरीला दूध घालून परत येताना ग्रामपंचायतीच्या भिंतीसमोर चार माणसं माना वर करून उभी दिसली. मला वाटलं रेशनची यादी लागली असेल. जवळ जाऊन बघतो तर नकाशा. गूगल अर्थवरून काढलेलं आमचं गाव, वरून दिसणारी पत्र्याची छपरं, देवळासमोरचा पिंपळ हिरव्या ठिपक्याएवढा, आणि या सगळ्यावरून ओढलेल्या लाल रेघा. खाली तलाठी, ग्रामसेवक आणि मंडळ अधिकारी यांच्या सह्या. प्रारूप प्रभाग रचना.

आमचं गाव सातारा जिल्ह्याच्या पूर्वेकडच्या कोरड्या पट्ट्यातलं. २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या २,२४१. दीड हजाराच्या वर आणि तीन हजारांपर्यंत लोकसंख्या असली की ग्रामपंचायतीला नऊ सदस्य मिळतात, म्हणून तीन प्रभाग आणि प्रत्येकी तीन जागा. एवढं मला आधीपासून माहीत होतं. रेघ कुठून जाते यावर पुढची पाच वर्षं ठरतात, हे मात्र त्या दिवशी कळलं.

रेघ गेली होती ओढ्यावरून. ओढ्यापलीकडची अकरा घरांची वस्ती, म्हणजे माझी चुलत भावकी, प्रभाग दोनमध्ये. आता ही वस्ती गावात येते ती फरशी पुलावरून, आणि पूल उतरतो आमच्या आळीत, म्हणजे प्रभाग तीनमध्ये. त्यांची पोरं आमच्या आळीतल्या अंगणवाडीत, त्यांचं दूध आमच्या डेअरीला, त्यांची मयत आमच्या दारावरून. प्रभाग दोनचा गावठाणातला भाग त्यांच्यापासून दीड किलोमीटरवर. ओढा ही नैसर्गिक हद्द असते, नियमात तसंच आहे, पण आमच्या ओढ्याला पाणी असतं वर्षातले अडीच महिने.

मी हरकत घेतली. तहसीलला साध्या कागदावर अर्ज, सोबत वस्तीतल्या अठ्ठावीस जणांच्या सह्या आणि चार अंगठे. सुनावणी प्रांतसाहेबांपुढे. त्यासाठी मी इस्त्रीचा शर्ट घातला, मोबाईलवर पुलाचे फोटो काढून ठेवले, काय बोलायचं ते एसटीत दोनदा मनात म्हणून पाहिलं. आत गेल्यावर साहेबांनी फोटो बघितले नाहीत. त्यांनी विचारलं, "ही वस्ती तिकडं घेतली तर प्रभाग दोनची लोकसंख्या किती राहते?"

मला सांगता येईना. त्यांच्यासमोर आकडे होते. प्रभाग एक ७६२, प्रभाग दोन ७१५, प्रभाग तीन ७६४. सरासरी ७४७, आणि तिच्यापेक्षा दहा टक्के खाली किंवा दहा टक्के वर, एवढीच सूट. म्हणजे कुठलाही प्रभाग ६७२ च्या खाली जाता कामा नये. वस्ती होती ५८ जणांची. दोनमधून काढली तर उरतात ६५७. सुनावणी चार मिनिटांत संपली. साहेब वाईट बोलले नाहीत, उलट म्हणाले, "तुमचं म्हणणं बरोबर आहे, पण हिशोबात बसत नाही."

परतीच्या एसटीत मी तिकिटाच्या पाठीमागं गणित मांडलं. वस्ती आमच्याकडं घेऊन आमच्या आळीच्या टोकाची सहा-सात घरं दोनला दिली असती तर बसलं असतं. हे आदल्या रात्री सुचायला पाहिजे होतं. प्रभाग रचनेवर हरकत घ्यायची असेल त्यानं भावना घरी ठेवाव्या आणि प्रगणक गटाची, म्हणजे जनगणनेसाठी पाडलेल्या गावाच्या तुकड्याची, लोकसंख्या घेऊन जावं, एवढं मी अनुभवानं सांगू शकतो.

नकाशाखाली आरक्षणही छापलेलं होतं. त्याची सोडत आधीच विशेष ग्रामसभेत झाली होती. अनुसूचित जातीची जागा त्या लोकसंख्येचं प्रमाण जिथं जास्त त्या प्रभाग एकला गेली, तिथं चिठ्ठीचा प्रश्न नव्हता. नागरिकांच्या मागास प्रवर्गाच्या (नामाप्र, म्हणजे ओबीसी) दोन जागा आणि महिलांच्या जागा मात्र चिठ्ठीनं. बिस्किटांची रिकामी बरणी होती. कागदाच्या सारख्या घड्या करून तहसीलमधून आलेल्या अधिकाऱ्यानं त्या बरणीत टाकल्या, हलवल्या, आणि चौथीतल्या एका मुलीला बोलावलं. तिचा हात आत गेला खरा, पण मुठीत चिठ्ठी धरून बाहेर येईना. सगळी ग्रामसभा श्वास रोखून त्या बरणीकडं बघत होती आणि ती बिचारी रडकुंडीला आली होती. शेवटी अधिकाऱ्यानं बरणी आडवी केली.

प्रभाग तीनला निघालं ते असं: जागा 'अ' नामाप्र महिला, जागा 'ब' सर्वसाधारण महिला, जागा 'क' सर्वसाधारण. प्रभाग एकमध्ये दोन वर्षं तयारी करणारे आमचे एक दादा होते, त्यांना धरता येण्यासारखी जागा महिलेची निघाली. संध्याकाळपर्यंत त्यांचा चेहरा उतरलेला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी वहिनींचा नमस्कार करतानाचा फोटो व्हॉट्सअॅपवर फिरत होता. वहिनींना तो फोटो आपल्या आधी गावानं बघितल्याचं दुपारी कळलं.

मग मार्चमध्ये टाळेबंदी आली आणि सगळंच थांबलं. पंचायतीची मुदत संपली, प्रशासक बसले. मी निवडणूक जवळजवळ विसरलो होतो.

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात प्रभागवार मतदार यादी लागली. आता यात एक गोम असते, ती सांगतो. ग्रामपंचायतीसाठी वेगळी मतदार नोंदणी होत नाही. विधानसभेची जी यादी असते, आमच्या वेळी २५ सप्टेंबर २०२० ची होती, तीच उचलून प्रभागांत फोडतात. विधानसभेला गावातला माणूस कुठल्या आळीत राहतो याचं कुणाला काही नसतं, म्हणून पत्त्याच्या रकान्यात अर्ध्या लोकांचा घर क्रमांक शून्य. मग फोडणारा काय करणार? आडनाव बघणार. पलीकडच्या वस्तीचं आणि आमच्या आळीतल्या बऱ्याच घरांचं आडनाव एकच, त्यामुळं वस्तीबरोबर आमच्या आळीतली तेवीस नावं ओढ्यापलीकडं वाहून गेली. एका घरात सासू तीनमध्ये आणि सून दोनमध्ये. सून म्हणाली, "बरं झालं, एकदा तरी वेगळं." सासूही हसली, पण उशिरा.

सात डिसेंबरपर्यंत हरकती द्यायच्या होत्या. मी यादीची झेरॉक्स काढली, लाल पेन घेतलं आणि आमच्या प्रभागातलं प्रत्येक घर चढलो. तोवर उभं राहायचं माझ्या डोक्यात पक्कं नव्हतं. कागद पुढं ठेवायचा, घरातली नावं वाचून दाखवायची, कोण मयत, कोण लग्न होऊन गेलं, कुणाचं नाव दोनदा, ते लिहून घ्यायचं. लोक चहा करायचे. म्हातारी माणसं आपलं नाव छापलेलं आहे हे बोट लावून दाखवायला सांगायची. एक काकू चष्मा शोधून आणून स्वतःचं नाव तीनदा वाचून झाल्यावर म्हणाल्या, "ह्यात माझं वय पाच वर्षं कमी हाय, ऱ्हाऊ दे." चार दिवसांत मला प्रभागातली सगळी घरं, आणि कुठल्या घरात कोण कुणाशी बोलत नाही, हे पाठ झालं.

तेवीसपैकी सतरा नावं परत आली. तलाठी आणि बीएलओ, म्हणजे मतदार यादीचं काम बघणारे, प्रत्यक्ष आळीत येऊन घरं बघून गेले. राहिलेली सहा माणसं पुण्या-मुंबईला होती, त्यांच्या सह्या मिळाल्या नाहीत, ती दोनमध्येच राहिली.

घरं फिरण्याच्या शेवटच्या दिवशी आळीतले नाना म्हणाले, "एवढं फिरलायस तर फारम भरून टाक." नाना म्हणजे ज्यांना आळीत कुणी उलट बोलत नाही असे. विरोधातल्या पॅनेलचा 'क' जागेचा उमेदवार आधीच ठरला होता, गावात दोन वेळा सदस्य झालेला माणूस, पैशानं आणि भावकीनं माझ्यापेक्षा भरभक्कम. आमच्या पॅनेलला त्याच्यासमोर उभं राहायला कुणी मिळत नव्हतं, हे मला नंतर कळलं.

अर्ज भरायची मुदत २३ ते ३० डिसेंबर. ऑनलाइन भरून, छापून, सही करून तहसीलला द्यायचा. राज्यात १४,२३४ ग्रामपंचायतींची निवडणूक एकदम, त्यामुळं संकेतस्थळ जे बसलं ते बसलंच. ई-सेवा केंद्रात रात्री दोन वाजता मांडीवर मांडी टाकून बसलेले भावी सदस्य मी पाहिलेत. केंद्र चालवणारा पोरगा म्हणत होता, "दादा, आता फक्त दाखल्याचं पान उघडलंय, कुणी जोरात श्वास घेऊ नका." शेवटी निवडणूक आयोगानं हातानं भरलेले अर्ज चालतील असं सांगितलं आणि शेवटच्या दिवशी वेळ साडेपाचपर्यंत वाढवली.

कागद पुष्कळ. घरपट्टी-पाणीपट्टीची थकबाकी नसल्याचा दाखला (आमच्या घराची तीनशे चाळीस रुपये निघाली, बाबा म्हणाले भरलीत, पावती सापडेना, परत भरली), शौचालय वापरतो असं घोषणापत्र, अपत्यांचं घोषणापत्र, निवडणुकीसाठी वेगळं बँक खातं, अनामत पाचशे रुपये, राखीव प्रवर्गाला शंभर. त्या वर्षी नवीन होतं ते सातवी पासचं, १ जानेवारी १९९५ ला किंवा नंतर जन्मलेल्यांसाठी. मी त्याच्या आधीचा, त्यामुळं माझं शिक्षण कुणी विचारलं नाही.

घोळ झाला तो सूचकाचा. सूचक, म्हणजे अर्जावर उमेदवाराचं नाव सुचवणारा, त्याच प्रभागातला मतदार लागतो. नानांनी सही केली, मी त्यांचा यादी क्रमांक लिहिला २१४. रात्री सगळं पिशवीत भरताना सहज अंतिम यादी उघडली तर नाना २२५ वर. प्रारूप यादीतला नंबर मी लिहिला होता, आणि अंतिम यादीत नानांच्या वर अकरा नावं घुसली होती. ती अकरा नावं म्हणजे आमचीच, आम्हीच भांडून परत आणलेली. नवीन अर्ज, परत नानांच्या दारात रात्री साडेदहाला. नाना झोपेतून उठून सही करताना म्हणाले, "नंबर माझा, चूक तुझी, जाग मला."

छाननी झाली, आणि मग ४ जानेवारीला दुपारी तीनपर्यंत माघार. त्या आधीचे दोन दिवस गावात बिनविरोधचं वारं आलं. देवळात बैठक, वरून निरोप की गाव बिनविरोध झालं तर एवढा निधी. बिनविरोधला माझा विरोध नाही, पण ही बैठक बसते कोण आणि बोलावतं कुणाला ते एकदा बघावं. आमच्या बैठकीत पंधरा माणसं होती, त्यात बाई एकही नाही, आणि नऊपैकी पाच जागा महिलांच्या. प्रभाग दोनच्या एका जागेवरून बैठक फिसकटली. त्याच महिन्यात नाशिक जिल्ह्यातलं उमराणे आणि नंदुरबार जिल्ह्यातलं खोंडामळी या दोन गावांची निवडणूक आयोगानं रद्द केली, सरपंचपदाचा लिलाव झाला म्हणून. ती बातमी आमच्या पारावर मोठ्यानं वाचली गेली, आणि देवळात जोरजोरात बोललेली दोन-तीन माणसं तेवढ्यापुरती बिडी ओढायला उठून गेली.

ग्रामपंचायतीला पक्षाचं चिन्ह नसतं. यादीतलं मुक्त चिन्ह घ्यायचं. मला छताचा पंखा मिळाला, जानेवारीच्या थंडीत. पॅनेलच्या 'अ' जागेच्या ताईंना कपबशी, 'ब' जागेच्या काकूंना शिट्टी. एकाच पॅनेलचे तिघं आणि तीन चिन्हं, ही खरी अडचण. प्रत्येक मतदाराला तीन मतं, यंत्रावर तीन वेगवेगळे कागद, 'अ' चा पिवळा, बाकीचे दोन पांढरे. तिन्ही बटणं दाबल्यावर शेवटी लांब बीप वाजते. एक दाबून माणूस वळला तर आतले लोक त्याला परत हाक मारतात आणि तो बावरून हाताला लागेल ते दाबतो.

म्हणून मी बुटाचं खोकं घेतलं, त्यावर पिवळा आणि पांढरा कागद चिकटवला, चिन्हांची चित्रं काढली आणि बटणांच्या जागी शर्टाची बटणं शिवली. तोंडानं बीप मी वाजवायचो. सगळ्यात हुशार निघाल्या त्या ऐंशीच्या पुढच्या आजी. त्यांनी एकदा बघून घेतलं आणि म्हणाल्या, "कपात चहा पियाचा, शिट्टी मारायची, पंख्याखाली निजायचं." त्याच रात्रीपासून आमचा प्रचार तोच झाला. ध्वनिक्षेपकाच्या रिक्षेचे पैसे वाचले. नऊ सदस्यांच्या गावात उमेदवाराला खर्चाची मर्यादा तेव्हा पंचवीस हजार होती, आणि मी खरोखर त्यात बसलो. समोरच्यांकडं रोज रात्री जेवण होतं. आमची माणसंही तिकडं जेवून येत होती, त्यांना आम्ही नाही म्हटलं नाही.

मतदान १५ जानेवारीला, म्हणजे संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी. प्रचार १३ च्या रात्री बंद. आणि १४ ला गावात कुणी कुणाच्या घरी जाऊ नये असं सांगणारा आचारसंहितेचा कुठला कागद? प्रत्येक उमेदवार तिळगूळ घेऊन दारोदार. तोंडानं कुणी मताचा शब्द काढला नाही. "तिळगूळ घ्या, गोड बोला" एवढंच, आणि जाताना कुणी हातानं पंखा फिरवून दाखवायचं. समोरच्या उमेदवाराची आणि माझी गाठ एकाच ओट्यावर पडली. त्यानंही मला तिळगूळ दिला. मी त्याला वाकून नमस्कार केला, वयानं मोठा होता.

मतदानाच्या दिवशी मी सकाळी साडेसातपासून शाळेच्या आवाराबाहेर. मास्क, कपाळावर बंदूक लावून ताप बघणाऱ्या आशाताई, हातावर सॅनिटायझर. पुण्याहून भाड्याच्या गाड्या भरून लोक आले. ती सहा माणसंही आली, आणि आमच्या आळीतून निघून दोनच्या खोलीत गेली. दुपारी आजींना आणलं. बाहेर आल्यावर मला दुरूनच ओरडून म्हणाल्या, "निजले गं बाई पंख्याखाली!" केंद्रावरच्या पोलिसानं मान दुसरीकडं फिरवली.

१८ तारखेला मोजणी तालुक्याला. आमच्या प्रभागाचं नाव पुकारल्यापासून निकाल लागेपर्यंत दहा मिनिटंही गेली नाहीत. ६११ मतदारांपैकी ५२४ नी मतदान केलेलं. मला २६८, त्यांना २४१, तिसऱ्या एका उमेदवाराला ९, 'वरीलपैकी एकही नाही' ला ६. सत्तावीस मतांनी मी निवडून आलो. कपबशीच्या ताईही आल्या. शिट्टीच्या काकू बारा मतांनी गेल्या, आणि तो धक्का मला माझ्या आनंदापेक्षा जास्त बसला, कारण घरोघर फिरताना यादीचा गठ्ठा माझ्यामागून त्याच उचलायच्या. लोकांनी पंखा लक्षात ठेवला, कपबशी ठेवली, शिट्टी विसरली. गाण्याच्या मधल्या ओळीचं होतं तसं.

गावात मात्र पॅनेलचं गणित चार-पाच झालं होतं. आम्ही चार, ते पाच. गुलाल त्यांचा. पण त्या वर्षी सरपंचपदाचं आरक्षण निवडणुकीनंतर निघणार होतं, आणि थेट सरपंच निवडायचा नियम तेव्हा रद्द झालेला, सदस्यांनीच सदस्यांतून सरपंच करायचा. सोडत निघाली: नामाप्र महिला. नऊ जणांत अशी एकच, कपबशीच्या ताई. पाच सदस्य असलेल्या पॅनेलला उपसरपंचपदावर थांबावं लागलं. कुणी म्हणालं नशीब, कुणी म्हणालं सेटिंग. मला राहून राहून ती चौथीतली मुलगी आठवत होती. प्रभाग तीनच्या चिठ्ठीच्या जागी तिच्या मुठीत दुसरी आली असती तर गावाला सरपंच दुसरा मिळाला असता.

एक कंटाळवाणी गोष्ट राहिली, पण ती सांगायलाच हवी. निकालानंतर तीस दिवसांत खर्चाचा हिशोब द्यावा लागतो, हरलेल्यांनीसुद्धा. नऊ मतं पडलेल्या त्या उमेदवाराला वाटलं, आपला काय हिशोब. त्याला नोटीस आली. ग्रामपंचायत कायद्याच्या १४ ब कलमाखाली पाच वर्षांपर्यंत अपात्र करता येतं. मी माझ्या खोक्याचा फेविकॉलसुद्धा लिहिला होता, बावीस रुपये.

पावसाळ्यात ओढ्यापलीकडच्या वस्तीवरच्या खांबावरचा दिवा गेला. चुलत भाऊ सकाळी सकाळी दारात. त्याला म्हटलं, "तुमचा प्रभाग दोन. तुमचे तीन सदस्य वेगळे."

तो म्हणाला, "ते फरशीवर पाणी हाय म्हणून येत न्हाईत. तू अलीकडच ऱ्हातोस."

मासिक सभेत मी विषय मांडला. ग्रामसेवकांनी नोंदवही उघडली, 'मागणी करणारे सदस्य' च्या पुढं माझं नाव लिहिलं, 'प्रभाग क्रमांक' च्या रकान्याशी पेन थांबलं आणि त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडं बघितलं. मी म्हटलं, दोन लिहा.